सातबारा सगळेच बघतात, झोन कोण बघतं? झोन, आरक्षण, एनए (बिगरशेती परवानगी), पूररेषा यावरचे प्रश्न इथे विचारा

आरेखक_जुना

नमस्कार मंडळी. मी नगर रचना खात्यात आरेखक होतो, आता निवृत्त झालोय. नातेवाईक, सोसायटीतले लोक, ओळखीच्यांचे ओळखीचे, सगळे जमिनीचे कागद घेऊन घरी येतात आणि सुरुवात ठरलेली असते, सातबारा एकदम क्लिअर आहे काका. मी विचारतो झोन कुठला, की समोरचा माणूस गप्प. पैसे बहुतेक वेळा देऊन झालेले असतात, त्यामुळे फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा काढलाय.

मुळात सातबारा महसूल खात्याचा. मालक कोण, क्षेत्र किती, बोजा आहे का, इतर हक्कात कुणाचं नाव आहे, वर्ग १ (मोकळ्या मालकीची) आहे की वर्ग २ (विक्रीवर निर्बंध असलेली), एवढं तो सांगतो. त्या जागेवर घर बांधता येईल का, दुकान चालेल का, उद्या तिथून रस्ता जाणार आहे का, यातलं काहीच सातबाऱ्यावर नसतं. ते ठरतं विकास आराखड्यात (शहरात) किंवा प्रादेशिक योजनेत (शहराबाहेर), आणि हे दोन्ही १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना कायद्याखाली येतात, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. नकाशावर ढोबळमानानं पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक. याच्यावरून परत आरक्षणं असतात, शाळा, बाग, मैदान, दवाखाना वगैरे, त्यांना नंबर असतो. प्रस्तावित रस्ते असतात. नदी असेल तर पूररेषा.

हे नकाशे पूर्वी ऑफिसात येऊन बघावे लागायचे, आता बऱ्याच महापालिकांच्या आणि नगर रचना संचालनालयाच्या साईटवर आहेत. पण स्क्रीनवर रंग बघून समाधान मानू नका. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर घालून झोन दाखला मागा आणि सोबत भाग नकाशा मागा. दोन्ही. कारण गट मोठा असला की एकाच गटातून पिवळ्या-हिरव्याची हद्द जाते, दाखल्यावर "अंशतः रहिवास अंशतः शेती" असं येतं, आणि तुम्हाला विकलेला तुकडा नेमका कुठल्या अंशात पडतो ते नकाशाशिवाय कळत नाही. मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) त्या भाग नकाशावर बसवून घ्यायची, हे काम कुठलाही लायसन्स्ड इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट करून देतो, जमिनीच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नाही.

बांधकामाच्या नियमावलीचं म्हणाल तर मुंबईसाठी डीसीपीआर २०३४ आहे. बाकी बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकच, यूडीसीपीआर. एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतालचं क्षेत्र), लोणावळा, काही हिल स्टेशनं असे अपवाद सोडून.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं सांगतो, इथे वकील मंडळीही आहेत.

घाटमाथा२२

काका धागा एकदम वेळेवर आला. मुळशी तालुक्यात ११ गुंठे बघितलेत. एजंट म्हणतो तिघांच्या नावावर एकत्र घ्या म्हणजे खरेदीखत होईल, आता ग्रीन झोन आहे पण पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) नकाशात येलो झालाय, एनए व्हायला वेळ लागणार नाही, आत्ताच घ्या नंतर रेट डबल होणार. त्याच्याकडे रंगीत प्रिंट पण आहे नकाशाची, त्यावर आमच्या गटावर पिवळा रंग स्पष्ट दिसतोय. मी शेतकरी नाहीये पण माझ्या मेव्हण्याच्या नावावर शेती आहे, त्याचं नाव पुढे घालू म्हणतोय. टोकन मागतोय, काय करू?

आरेखक_जुना

घाटमाथा, टोकन थांबवा. एकेक घेऊ.

ती प्रिंट बहुतेक २०२१ च्या प्रारूप आराखड्याची आहे. पीएमआरडीएनं ऑगस्ट २०२१ मध्ये प्रारूप प्रसिद्ध केला होता हे खरं, पण तो कधी मंजूर झालाच नाही आणि २०२५ मध्ये सरकारनं तो रद्द केला. म्हणजे त्या पिवळ्या रंगाला आज काही आधार नाही. तिथे आजही १९९७ ची पुणे प्रादेशिक योजना आणि तिच्यात वेळोवेळी झालेले फेरबदल बघायचे. प्रारूप आणि मंजूर यातला फरक हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागडा फरक आहे. एजंटला एकच विचारा, झोन दाखला आण, आजच्या तारखेचा.

दुसरं, ११ गुंठे. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते किमान क्षेत्र, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलंय. तुमची जमीन मुळशीत डोंगराकडेला असेल तर जिरायतच असणार, मग ११ गुंठे हा तुकडाच झाला. आणि तिघांच्या नावावर सामाईक घेतलीत तर उद्या तिघांचे वाटे पाडून स्वतंत्र सातबारा होणार नाही, बांधकाम परवानगीला प्रत्येक वेळी बाकीच्या दोघांची सही लागेल. आज तिघं मित्र आहात, मुलांच्या पिढीत काय असेल ते सांगता येत नाही.

तिसरं, शेतजमीन बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही, कुळकायदा कलम ६३. आराखड्यात बिगरशेती वापर दाखवला असेल तर वेगळी तरतूद आहे, पण तुमच्या जागेला झोनच हिरवा आहे. मेव्हण्याचं नाव पुढे घालून तुमचे पैसे त्यात घालणं मला अजिबात पटत नाही, मालक कायद्यानं तोच राहणार.

चौथं, हिरव्या झोनमध्ये काहीच होत नाही असं नाही. फार्महाऊस होतं, पण त्याला किमान ०.४ हेक्टर म्हणजे ४० गुंठे लागतात, एफएसआय (जागेच्या क्षेत्राच्या प्रमाणात चालणारं बांधकाम) ०.०३७५ आणि जास्तीत जास्त ४०० चौ. मी. बांधकाम. ११ गुंठ्यांत ते बसत नाही. तुमचा तुकडा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, महसूल संहितेत २०१७ मध्ये कलम ४२-ड आलं, त्यात अशा जमिनीला रहिवासासाठी मार्ग मिळतो. गावठाणापासून अंतर किती ते विचारलंत का?

घाटमाथा२२

गावठाण चांगलंच लांब आहे, मधे एक ओढा आणि टेकाड आहे. टोकन देत नाही आता. पण मग काका एक सांगा, त्याच रस्त्याला बाकीच्यांनी दोन दोन गुंठ्याचे प्लॉट घेऊन पत्र्याचं कंपाऊंड घातलंय, काहींनी तर खोल्या बांधल्यात, लाईट मीटर पण मिळालंय. त्यांचं कसं झालं?

आरेखक_जुना

लाईट मीटर, पाणीपट्टी, घरपट्टी यातलं काहीही बांधकाम परवानगी नाही. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे कोर्टांनी वारंवार सांगितलंय. त्यांची कधी चौकशी निघाली नाही एवढंच त्याचं उत्तर.

आणि टेकाड म्हणालात म्हणून, उतार १:५ पेक्षा जास्त असेल तर यूडीसीपीआरप्रमाणे बांधकाम होत नाही. काही योजनांत डोंगरमाथा-डोंगरउतार असा वेगळा झोनच असतो. पुढे कुठली जागा बघाल तेव्हा तेही तपासा.

कृष्णाकाठ_सांगली

टेकडीचं झालं, नदीचं पण लिहा की काका. आमच्याकडं सांगलीत गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट, गल्लोगल्ली हाय. माझ्या वडिलांनी शेतकऱ्याकडनं साठेखतावर दीड गुंठा घेतला, घर बांधलं, पुढं गुंठेवारीचा कायदा आला २००१ ला, मग फी भरून प्रमाणपत्र घेतलं. आमचं नियमित झालं. पण आमच्या मागच्या दोन गल्ल्यांचं झालं नाही कारण त्या पूररेषेच्या आत येतात. तवा लोक म्हणायचे अन्याय हाय. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं, त्या दोन गल्ल्या दरवेळी पाण्यात. आता तेच लोक घर विकायला काढत्यात पण बँक कर्ज देत नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. नवीन पोरं कमी दरात मिळतंय म्हणून घेत्यात, त्यांना माझं हात जोडून सांगणं हाय की पूररेषा बघा.

आरेखक_जुना

कृष्णाकाठ, फार महत्त्वाचं लिहिलंत.

दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तिथे नवीन घर बांधायला परवानगी नाही. निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र, तिथे परवानगी मिळते पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर लागते. या रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि त्या आराखड्यावर घेतल्या जातात. झोन पिवळा असला तरी निळ्या रेषेत जागा येत असेल तर पिवळ्या रंगाचा उपयोग शून्य.

१७ मे २०२५ ला पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता, सुप्रीम कोर्टातही दिलासा मिळाला नाही. तिथल्या कुटुंबांनी रीतसर खरेदीखतं करून प्लॉट घेतले होते, आयुष्याची बचत घातली होती. रजिस्ट्रार ऑफिसात दस्त नोंदवला जातो म्हणजे तिथे घर बांधायला सरकारची हरकत नाही, हा समज माझ्या मते सगळ्यात जास्त लोकांना बुडवतो. दस्त नोंदवणारं खातं झोन बघत नाही, बघायचं काम त्यांच्याकडे नाहीच.

वऱ्हाडी_माणूस

आमच्या नागपुरात पहिला प्रश्नच हा असते, आरएल आहे का? एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) रेग्युलरायझेशन लेटर, प्लॉट नियमित केल्याचं पत्र. ५७२ आणि १९०० लेआऊटवाले (अनधिकृत लेआऊटच्या याद्यांतले) सगळे हेच विचारून राहिले कितीतरी वर्षांपासून. आरएल नसलेला प्लॉट स्वस्त मिळते पण नकाशा मंजूर होत नाही, लोन होत नाही. गुंठेवारीची मुदत वाढवली ना २०२१ मध्ये?

वकील_कऱ्हाड

हो वाढवली. मूळ कायद्यात १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारी विकासाला संरक्षण होतं, २०२१ च्या दुरुस्तीनं ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणलं. पण सरसकट सगळं नियमित होत नाही, आरक्षणाच्या जागा, पूररेषेतल्या जागा, सरकारी जमिनीवरची अतिक्रमणं वगैरे बाहेर आहेत. म्हणून "गुंठेवारीत बसतंय" असं कुणी म्हणालं की कशाच्या आधारावर ते विचारा.

तुकडेबंदी कायद्याच्या (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकायला बंदी घालणाऱ्या) २०२५ च्या दुरुस्तीवरून पण भरपूर गैरसमज चाललेत, रोज दोन फोन असतात, तर तेही इथेच सांगतो. आराखड्यात रहिवास, वाणिज्य, औद्योगिक अशा बिगरशेती झोनमध्ये असलेल्या आणि तुकडेबंदीमुळे अडकलेल्या जुन्या व्यवहारांना त्यात दिलासा आहे, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ मधल्या. चांगली गोष्ट आहे, हजारो लोकांची नावं सातबाऱ्यावर यायची राहिली होती. पण त्यानं व्यवहार नियमित होतो. झोन बदलत नाही, आणि बांधकाम परवानगी आपोआप मिळत नाही. हिरव्या झोनमधला दोन गुंठ्याचा तुकडा त्यामुळे घर बांधायला मोकळा झाला असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

माईंचं_अंगण

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. आमचं नगरपालिकेचं गाव. सासऱ्यांनी घेतलेला प्लॉट आहे, त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. आराखडा अंतिम होऊन दहा वर्षं कधीच उलटून गेली. नगरपालिका ना जागा घेते, ना पैसे देते, ना बांधू देते. विकायला गेलो तर आरक्षण बघून लोक अर्धी किंमत पण देत नाहीत. मिस्टरांचं ऑपरेशन झालं तेव्हा ही जागा असून नसल्यासारखी होती. नगरपालिकेत विचारलं तर फंड आला की बघू म्हणतात. आता ऐकतोय की नवीन आराखडा करायचं चाललंय. आम्ही काय करू शकतो? वकील दादा सांगाल का?

वकील_कऱ्हाड

ताई, तुमच्यासाठी कायद्यात नेमकी तरतूद आहे आणि तुमच्या बाबतीत घाई करायला हवी, का ते सांगतो.

एमआरटीपीचं कलम १२७. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा सहमतीनं घेतली नाही किंवा संपादनाची कारवाई झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत त्यांनी जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे संपलं, असं मानलं जातं. ही मुदत पूर्वी ६ महिने होती, मग १२ झाली, २०१५ पासून २४. व्यपगत झालं की लगतच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हाला चालतो, आणि १२७(२) खाली सरकारनं तसा आदेश राजपत्रात काढायचा असतो. हा आदेश पाठपुरावा करून काढून घ्या, नाहीतर परवानगीच्या टेबलावर परत अडवतात.

नोटीस देताना लक्षात ठेवायचं म्हणजे नोटिशीसोबत मालकी आणि हितसंबंधाचे कागद जोडायचेच. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, खरेदीखत, सासरे हयात नसतील तर वारस नोंद. कागद जोडले नाहीत म्हणून नोटीस फेटाळल्याची प्रकरणं मी स्वतः बघितलीत. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. नोटीस मुख्याधिकाऱ्यांना पोचल्याची सही-शिक्क्याची प्रत जपून ठेवा.

"पावलं उचलली" म्हणजे काय यावर २००७ मध्ये सुप्रीम कोर्टानं गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलंय. नगरपालिकेनं ठराव केला, कलेक्टरला पत्र पाठवलं, एवढ्यानं भागत नाही. संपादनाच्या घोषणेपर्यंत गोष्ट जायला हवी.

आता घाई का. नोटीस देण्याआधीच सुधारित आराखडा अंतिम झाला आणि त्यात तुमच्या जागेवर आरक्षण परत आलं, तर १० वर्षं नव्यानं मोजायला लागतात. प्रफुल्ल दवे प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे. म्हणजे इतकी वर्षं थांबलात ती वाया. नवीन आराखड्याचं काम सुरू होतंय असं म्हणताय, तर या महिन्यातच जवळच्या वकिलाकडून नोटीस काढा.

खडू_फळा

ताईंची अडचण समजते, खरंच. पण मी शाळेत शिकवते, आमच्या वॉर्डात एक मैदान उरलेलं नाही. मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात आणि रोज भांडणं होतात. आरक्षणं अशी एकेक सुटत गेली तर पुढे काय? आराखड्यात मैदानं कागदावर दाखवायची, दहा वर्षं पैसे ठेवायचे नाहीत, मग नोटीस आली की जागा सोडून द्यायची, असं करत गावंच्या गावं इमारतींनी भरली. ताईंच्या हक्काला माझा विरोध नाही पण हे बोलायलाच हवं.

वकील_कऱ्हाड

खडू फळा, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि दोष मालकाचा नाही, हे तुम्हीही म्हणताय. सार्वजनिक गरजेचा भार एकट्या कुटुंबानं बिनपैशाचा किती वर्षं वाहायचा, म्हणूनच कायद्यात मुदत घातली.

मधला रस्ताही आहे. रोख पैसे नसतील तर नगरपालिका टीडीआर, म्हणजे सोडलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क, देऊ शकते. दाट वस्तीच्या बाहेर सोडलेल्या जागेच्या २ पट, दाट वस्तीत ३ पट. टीडीआर विकता येतो, पण छोट्या गावात त्याला गिऱ्हाईक असतं का हा मोठाच प्रश्न, पुण्या-ठाण्यात मागणी असते तशी तिथे नसते. दुसरा मार्ग म्हणजे समावेशक आरक्षण, यूडीसीपीआरमध्ये त्यासाठी तक्ताच आहे, जागेचा ठरलेला हिस्सा किंवा बांधून दिलेली सुविधा नगरपालिकेला द्यायची आणि उरलेल्या हिश्शावर मालकानं बांधायचं. आरक्षण कुठलं आणि प्लॉट केवढा यावर ते अवलंबून आहे. ताई, तुमच्या प्लॉटचं क्षेत्र किती?

माईंचं_अंगण

साडेनऊ गुंठे. खडू फळा ताई, सासऱ्यांचीही इच्छा होती की तिथे पोरं खेळावीत. नगरपालिकेनं रास्त पैसे दिले असते तर आम्ही केव्हाच दिली असती. वकील दादा, कागद गोळा करायला घेतलेत, वारस नोंद झालेली आहे. दोन नणंदांच्या सह्या लागतील, त्यांच्याशी आज बोलते. खूप खूप आभार.

टेकडीप्रेमी_पुणे

पुण्यातल्या लोकांसाठी बीडीपीबद्दल लिहितो. १९९७ मध्ये जी २३ गावं महापालिकेत आली त्यांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, साधारण ९७६ हेक्टर. २०१५ मध्ये सरकारनं मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर ठरवला, तो मालकांना मान्य नाही म्हणून बरीच जागा अजून ताब्यात आलेली नाही. याचा फायदा घेऊन तिथे एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकलेत, रात्रीतून मुरूम काढून रस्ते केलेत. टेकड्या पण गेल्या आणि घेणाऱ्याचे पैसे पण गेले. शहराच्या इतक्या जवळ इतका कमी दर दिसला तर आधी बीडीपी आहे का बघा. सर्व्हे नंबर घालून महापालिकेकडून विकास योजना अभिप्राय मिळतो, तो घ्या.

दातांचा_डॉक्टर

माझा प्रश्न छोटा आहे. सोसायटीत तळमजल्यावर फ्लॅट घेऊन दवाखाना टाकायचाय. झोन रहिवास आहे. चालतं का?

आरेखक_जुना

डॉक्टर, रहिवास झोनमध्ये सगळेच बिगर-रहिवास वापर बंद नसतात. समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर काय काय चालेल ते ठरतं, रुंद रस्त्यावर दुकानं, ऑफिसं, दवाखाने बरंच काही चालतं, अरुंद रस्त्यावर कमी. पण मंजूर नकाशात तो फ्लॅट निवासी दाखवलाय, तिथे पूर्णवेळ दवाखाना म्हणजे वापरातला बदल, आणि एमआरटीपीत वापरातला बदल हाही विकासच धरतात. म्हणून नकाशा सुधारून वापर बदलाची परवानगी घ्या, पार्किंगचा हिशेब बदलतो तो बघा. सोसायटीचं ना हरकत वेगळं, ते महापालिकेच्या परवानगीला पर्याय नाही. खुर्ची, एक्स-रे वगैरेवर खर्च करण्याआधी हे करा.

म्हापसेकर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा आणि आराखडा म्हणजे प्रादेशिक आराखडा २०२१. सेटलमेंट झोन असेल तर घर, ऑर्चर्ड म्हणजे बागायत असेल तर अडचण, आणि खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेती), भातशेती तर सोडूनच द्या. वर घर बांधण्यासाठी सनद लागते ती वेगळी. २०२३ मध्ये नगर नियोजन कायद्यात १७(२) कलम घालून एकेक प्लॉटचे झोन बदलून दिले गेले, ऑर्चर्डचे सेटलमेंट झाले, लोकांनी ते बघून जागा घेतल्या. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टानं त्याचे नियम रद्द केले. आता त्या झोन बदलाच्या भरवशावर जागा घेतलेले चिंतेत आहेत. मुंबई-पुण्याहून गोव्यात सेकंड होम घेणारे खूप असतात म्हणून मुद्दाम सांगतो, नुसता "सेटलमेंट आहे" हे ऐकून घेऊ नका, मूळ आराखड्यात सेटलमेंट होतं की नंतर बदलून घेतलंय ते विचारा.

नवीन_मास्तर

आमच्या गावाचा प्रारूप आराखडा आत्ताच प्रसिद्ध झालाय. गावाच्या पूर्वेच्या सगळ्या छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनीतून १८ मीटरचा रस्ता दाखवलाय, एक शेतकरी तर पूर्ण भूमिहीन होतोय. पश्चिमेला जुना शिव रस्ता आहे, तो रुंद केला तर कुणाचं फार जात नाही असं गावातल्या सगळ्यांचं मत. लोक म्हणतात हरकतीनं काही होत नाही. खरंच होत नाही का?

आरेखक_जुना

मास्तर, होतं. मी नोकरीत असताना हरकतींमुळे रस्ते सरकलेले, आरक्षणं कमी झालेली, वगळलेली बघितलीत. होत नाही ते एका ओळीच्या हरकतीनं, "आमचा रस्त्याला विरोध आहे" अशा.

पहिलं म्हणजे मुदत. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, त्यात शेवटची तारीख असते, ३० किंवा ६० दिवस. ती तारीख गावात बोर्डावर लिहा. त्या मुदतीत हरकत गेली नाही तर सुनावणीला बोलावणं येत नाही. मुदतीनंतर नियोजन समिती सुनावणी घेते, तिथे स्वतः जायचंच, गैरहजर राहिलात तर कागदावर भागवतात.

दुसरं, प्रत्येक खातेदाराची वेगळी हरकत द्या. एकाच अर्जावर दोनशे सह्या केल्या तर ती एक हरकत मोजली जाते. सामुदायिक एक वेगळी द्या, पण वैयक्तिक हरकतींच्या ऐवजी नाही.

तिसरं आणि मुख्य, पर्याय नकाशावर काढून द्या. शिव रस्ता म्हणताय ना, गाव नकाशावर तो तुटक रेघांनी असतो, त्याची मोजणी किंवा निदान गाव नकाशाची प्रमाणित प्रत जोडा, त्याची सध्याची रुंदी मोजा, रुंद केला तर कुठल्या गटातले किती क्षेत्र जाईल आणि प्रस्तावित रस्त्यानं किती जातं त्याची तुलना द्या. अल्पभूधारक किती, कुणाची विहीर जाते, कुणाचं घर जातं, फोटोसकट. तांत्रिक पर्याय समोर आला की समितीला शेरा लिहायला आधार मिळतो. नुसत्या भावना लिहिल्या तर त्यांची कितीही इच्छा असली तरी काय शेरा मारणार?

मजकूर साधारण असा ठेवा: मी गट नं. अमुकचा खातेदार, क्षेत्र इतके, पैकी प्रस्तावित १८ मी. रस्त्यात इतके बाधित होते, माझ्याकडे अन्य जमीन नाही (आठ-अ जोडला आहे), सोबतच्या नकाशात दाखवल्याप्रमाणे अस्तित्वातील शिव रस्ता रुंद केल्यास हेतू साध्य होतो, तरी प्रस्तावित रस्ता वगळावा किंवा त्याची आखणी बदलावी व मला समक्ष सुनावणी द्यावी. शेवटचं वाक्य विसरू नका. पोच घ्या.

वकील_कऱ्हाड

काकांच्या पोस्टमध्ये एक भर. त्या रस्त्याच्या पट्ट्यात कुणी आत्ता घाईनं बांधकाम करू नका. प्रारूप प्रसिद्ध झाला की परवानगी देताना त्याचा विचार केला जातोच, विनापरवाना बांधलंत तर हरकतीतली तुमची बाजूच पडते. आणि या काळात गावात जमीन घेणारे नवे लोक येतील, कमी भावात विका नाहीतर सगळीच जाईल म्हणतील. सुनावणी होईपर्यंत कुणी सही करू नये हे बैठकीत नक्की सांगा.

नवीन_मास्तर

तसं एकजण येऊन गेलाय आधीच, दोघांना भेटला. आज रात्रीच त्या दोघांकडे जातो. तलाठ्याकडून बाधित गटांची यादी आणि सगळ्यांचे आठ-अ काढायला सांगितलेत, गाव नकाशाची प्रमाणित प्रत भूमी अभिलेखला अर्ज करून मागवतोय. रविवारी शाळेत बैठक लावलीय. काका, शिव रस्त्याची रुंदी आम्ही टेपनं मोजून पंचनामा केला तर चालेल का, की सरकारी मोजणीच लागेल? तिला मुदतीच्या आत तारीख मिळेल असं वाटत नाही.

आरेखक_जुना

टेपनं मोजा, दर शंभर मीटरला एक रुंदी घ्या, गावातल्या एखाद्या इंजिनिअर पोराकडून स्केच करून घ्या आणि ग्रामस्थांच्या सह्यांचा पंचनामा जोडा. मोजणीचा अर्ज आजच भरा आणि त्याची पावतीही जोडा, हरकतीत लिहा की सरकारी मोजणी प्रलंबित आहे, नकाशा सुनावणीच्या वेळी सादर करू. बैठकीनंतर स्केचचा फोटो इथे टाका, मी बघून देतो.